घाटावरचं कुत्रं, घाटाखालचं कुत्रं

आमच्या खामगावात मे महिन्यात भर दुपारी रस्त्यावर दोनच प्रकारची माणसे दिसतात. एक पोस्टमन, आणि दुसरी ज्यांना जवळच्या लग्नाला गेल्याशिवाय गत्यंतर नाही ती. नऊ वर्षांपूर्वी त्या दिवशी आम्ही दुसऱ्या प्रकारात होतो. मलकापूरला लग्न होते. सकाळी आठला घर सोडले. आमच्या पांढऱ्याशुभ्र, केसाळ बर्फीला मागच्या ओसरीत बांधले, पातेलेभर पाणी ठेवले. ओसरीत सावली छान होती. संध्याकाळी साडेपाचला परतलो तर पातेले कोरडे ठणठणीत, आणि सावली सरकत सरकत ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाला गेलेली. साखळी तिथपर्यंत पोचत नव्हती.

पुढचे लिहवत नाही. ज्यांच्या घरातले मुके जनावर गेले आहे त्यांना सांगायला नको. मी इतकेच सांगते की बर्फी म्हातारी नव्हती, आजारीही नव्हती. तिला आणले तेव्हाच आमचे चुकले होते. ह्यांच्या एका मित्राने मोठ्या शहरातून पिलाचा फोटो पाठवला, मुलगी नाचायला लागली, हे म्हणाले, "आणू या." कापसाच्या बोळ्यासारखे ते पिलू घरात आले तेव्हा सगळ्यांनी विचारले, "केवढ्याला पडलं?" या घरात दिवसभर कोण असते, ओसरीवर ऊन किती वाजता येते, आणि एवढ्या केसांचे जनावर खामगावच्या उन्हाळ्यात काय करील, हे कोणी विचारले नाही. मीही नाही.

तेव्हापासून घरात कुत्र्याचा विषय बंद होता. गेल्या वर्षी धाकट्याने तो उघडला. सहावीतला मुलगा. मोबाइलवर एक निळ्या डोळ्यांचे, लांडग्यासारखे कुत्रे दाखवत म्हणाला, "आई, हेच पाहिजे." ते हस्की होते. सैबेरियात बर्फावरून गाड्या ओढणारे! मी दोन महिने नाहीच म्हणत राहिले. मग होळीला शनिवार-रविवार जोडून आला, बुलडाण्याला माझ्या नणंदेकडे जायचे ठरले, आणि तिथून जरा जिल्हा फिरून यावे असा बेत झाला. मी मुलाला म्हटलं, "हे बघ, या खेपेला फोटो बघायचा नाही. खरी कुत्री बघायची. जिथे जाऊ तिथे कोणाकडे कसले कुत्रे आहे, आणि ते सुखात आहे का, एवढे वहीत लिहायचे. परत आल्यावर बोलू."

मैत्रिणींनो, त्या चार दिवसांत आम्हा मायलेकांना जे दिसले, ते तुमच्यापैकी कुणाच्या घरी पिलू यायचे घाटत असेल तर उपयोगी पडेल, म्हणून लिहिते आहे.

बोथ्याच्या जंगलाकडेला

आमच्या जिल्ह्याचे सरळ दोन भाग आहेत. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. पूर्णेचे खोरे, काळी जमीन, कपाशी आणि ऊन. बुलडाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार हे घाटावर. बोली बदलते, भाकरीची जाडी बदलते, रात्री पांघरूण लागते की नाही तेही बदलते. एकमेकांना आम्ही "तुम्ही घाटावरचे का?" असे विचारतो, ते काही उगाच नाही.

खामगावहून बुलडाण्याचा रस्ता बोथ्याच्या घाटाने चढतो तो ज्ञानगंगा अभयारण्यातून. १९९७ साली जाहीर झालेले हे अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे आहे. बिबटे आणि अस्वले इथली कायमची रहिवासी. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ तेलंगणापर्यंत भटकत, १३०० किलोमीटरहून जास्त चालून इथे येऊन पोचला होता, तेव्हा आमच्या जिल्ह्याचे नाव देशभर गाजले.

जंगल लागायच्या अलीकडे, रब्बी निघालेल्या एका रानात मेंढ्यांचा वाडा बसलेला होता. भोवती तीन कुत्री. तांबूस, उंच, छातीने रुंद. एकाच्या गळ्यात खिळे ठोकलेला जाड पट्टा. आम्ही गाडी थांबवली तशी तिन्ही उठून उभी राहिली. भुंकली एकच, बाकीची दोन नुसती बघत होती. मुलाने लांबूनच मेंढपाळबाबांना विचारले, "असं कुत्रं घरी ठेवता येतं का?"

म्हातारा हसला. म्हणाला, "बापू, कुत्रं पायता पायता आंधी आपलं घर पायजा. हे मेंढराचं कुत्रं हाय. याले घरात कोंडसान तं हे येडं होईन. अन् तुमचं ते लेकरायसोबत खेळणारं कुत्रं इथं आणसान, तं एका राती बिबट नेईन."

त्यात अतिशयोक्ती काही नव्हती. नगरकडच्या अकोले तालुक्यात (हे आपले अकोला नव्हे) डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला. खाल्लेल्या एकूण वजनापैकी ३९ टक्के वाटा एकट्या पाळीव आणि गावकुत्र्यांचा निघाला. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या बाईने "राखणीला कुत्रं हवं" म्हणून ते रात्री अंगणात बांधून ठेवणे म्हणजे राखण नव्हे, बिबट्याला आमंत्रणच. अशा ठिकाणी कुत्रे पाळायचे तर रात्री त्याला बंद पडवीत नाहीतर पक्क्या जाळीच्या खोलीत घ्यायची तयारी हवी.

मुलाने वहीत पहिली ओळ लिहिली: "आधी घर बघायचं."

बुलडाण्याचा अल्सेशियन

बुलडाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. खालून आलेल्या माणसाला इथली संध्याकाळची हवा म्हणजे माहेरचा वारा. पूर्वीच्या साहेबांनी जिल्ह्याचे ठाणे इथे केले ते काही वेड्यासारखे नव्हे. रेल्वे मात्र अजून घाट चढून आलेली नाही.

नणंदेकडे सुलतान नावाचा अल्सेशियन आहे. आता त्याला सगळे जर्मन शेफर्ड म्हणतात. पाच वर्षांपूर्वी आणला तेव्हा मी बर्फीच्या आठवणीने मनात म्हटले होते, यांच्याकडे शोभतो खरा. थंड हवा, मोठे अंगण, आणि वन्संचे सासरे निवृत्त शिक्षक, पहाटे पाचला एक तास आणि संध्याकाळी एक तास त्याला घेऊन फिरणारे. कुत्रे आणि म्हातारबुवा दोघेही ठणठणीत.

या वेळी फाटक उघडले तर सुलतान ओळखू येईना. पोट सुटलेले, मागच्या पायाने जरा लंगडत होता. दाराची चौकट खालून कुरतडलेली. वन्सं म्हणाल्या, "अगं वहिनी, काय सांगू! मामंजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वर्ष झालं, त्यांचं फिरणं बंद. ह्यांना ऑफिस. मुलं क्लासला. मी सकाळी डबे करू की ह्याला ओढत नेऊ? तो मला ओढतो, मी त्याला नाही."

सुलतानचा यात काय दोष? मेंढरे वळण्यासाठी घडवलेली ही जात. तिला काम लागते, शिस्त लागते, रोजचे चालणे लागते. ते मिळाले नाही की ती स्वतःच काम शोधून काढते, आणि ते काम म्हणजे आपली चौकट. वजन वाढले की या जातीच्या कमरेच्या सांध्यांवर ताण येतो, मुळात तिथेच तिचे दुखणे असते.

मला तिथे एक गोष्ट नव्याने उमगली. आपण कुत्रे निवडतो ते आजच्या घराकडे बघून. पण ते राहणार दहा-बारा वर्षे, कधी चौदासुद्धा. तेवढ्यात मामंजींचे गुडघे जातात, मुलीचे लग्न होते, मुलगा पुण्याला शिकायला जातो, बदली होते. मग कुत्रे कोणाच्या वाट्याला येते? तुम्हीआम्ही सगळ्याजणी उत्तर जाणतो. जी घरात उरते तिच्या! म्हणून घरात कुत्रे आणायचे की नाही, आणि कोणते, यात पहिला शब्द तिचा हवा. आमच्याकडे बर्फीच्या वेळी तो कोणी विचारला नाही, आणि मीही टाकला नाही.

रात्री मामंजींनीच तोड काढली. शेजारचा कॉलेजातला मुलगा पोलिस भरतीसाठी पहाटे धावतो. त्याच्याबरोबर सुलतानला पाठवायचे, आधी थोडे, मग वाढवत. डॉक्टरांना पाय दाखवून.

मेहकरकडचा कारवानी

सैलानीच्या यात्रेची गर्दी रस्त्याला होती, म्हणून चिखलीला उतरून चहा घेतला आणि मेहकरकडे निघालो. वाटेत ह्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे जेवण होते. गव्हाच्या पोत्यांची थप्पी, दारात ट्रॅक्टर, आणि खाटेखाली एक कुत्रे बसलेले. असे कुत्रे मुलाने पाहिलेच नव्हते. निमुळते तोंड, वेताच्या छडीसारखे पाय, पोट पाठीला टेकलेले. त्याने हळूच विचारले, "काकू, याला जेवायला देत नाही का?"

काकू हसून लोटपोट. "अरे, जातच तशी! कारवानी म्हणतात. पोरानं लातूरकडून हौसेनं आणलं, अन् राखायचं मला."

कारवानी आणि कर्नाटकातले मुधोळ ही एकाच घराण्यातली, नजरेने सावज हेरून धावणारी शिकारी कुत्री. २००५ साली टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होते. सैन्यानेही या जातीची कुत्री शिकवून पाहिली. आपल्या मातीतले, आखूड केसांचे, ऊन सोसणारे. वाचून कुणालाही वाटेल, हेच आपल्याला हवे.

पण काकूंचे ऐका. "पहिल्या महिन्यात शेजारणीच्या चार कोंबड्या. भरून दिल्या. मग एकदा बकरीमागं लागलं, ते दोन शेतं ओलांडून गेलं. हाक मारली तर ऐकत नाही, त्याला पळणारं दिसलं की कान बंद. आता सकाळी पोरगा मोटरसायकलीमागं त्याला मळ्यात पळवतो, तेव्हा दिवसभर खाटेखाली गाईसारखं पडून राहतं."

म्हणजे मळा आहे, पळवणारा पोरगा आहे, म्हणून ते कुत्रे तिथे गुणी. तेच खामगावच्या आमच्या आळीत आणले तर? आमच्या आळीत मांजरीच बारा आहेत. देशी आहे म्हणून आपल्या घराला मानवेलच असे नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

त्याच अंगणात दोन साधी गावठी कुत्रीही होती. उभ्या कानांची, वर वळलेल्या शेपटीची. ती कुठून आणली म्हणून विचारले तर काकू म्हणाल्या, "आणली कुठं? ती आपली आहेतच."

लोणारच्या कड्यावर

लोणारला दुपारी पोचलो. उल्का पडून झालेले ते विवर, सुमारे पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचे, आणि तळाशी खारे पाणी. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले होते आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर यादीत जागा मिळाली. गोमुखाच्या धारेशी हात-पाय धुतले. एक कुटुंब गळ्यात रेशमी पट्टा घातलेला पग घेऊन पायऱ्या उतरायच्या तयारीत होते. तोंड चपटे, डोळे बाहेर, घशातून घरघर. रखवालदाराने त्यांना अडवले, म्हणाला, अभयारण्य आहे, पाळीव कुत्रे आत न्यायचे नाही.

बाई रुसल्या. मला मात्र रखवालदाराचे दोन्ही अंगांनी पटले. एक तर त्या पगासाठी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा मुख्य पंखा. चपट्या नाकाच्या कुत्र्याचा तो पंखाच अर्धा बंद असतो. घाटाखालच्या गावात पग आणायचा म्हणजे उन्हाळ्याचे चार महिने कूलरपुढे बसवायची तयारी हवी, आणि आपल्याकडे वीज जाते तीही नेमकी दुपारी.

दुसरे कारण आत राहणाऱ्या जनावरांचे. कुत्र्यांना डिस्टेंपर नावाचा रोग होतो तो रानातल्या प्राण्यांनाही लागतो. २०१८ साली गीरमध्ये थोड्याच दिवसांत २३ सिंह दगावले, आणि तपासणीत या विषाणूचा हात दिसला. पिलाला सहा ते आठ आठवड्यांपासून लसी टोचायच्या त्यात डिस्टेंपरची असते. म्हणजे आपण आपल्या कुत्र्याला टोचतो ती सुई जंगलाच्याही कामी येते. आमच्यासारख्या तीन अभयारण्यांच्या जिल्ह्यात तर हे ध्यानात ठेवायलाच हवे.

सिंदखेड राजाची सावली

परतीला सिंदखेड राजा. लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचे जन्मस्थान. १२ जानेवारीला इथे माणसांचा समुद्र असतो, त्या दिवशी मात्र आम्ही आणि एक शाळेची सहल, एवढेच. मार्चच्या मानाने ऊन कडक होते. दरवाजाच्या आत एक तांबडे गावठी कुत्रे सावलीत पसरले होते. आम्ही वाडा बघून, डबा खाऊन, पुन्हा दरवाजाशी आलो तोवर दीड तास झाला असेल. मुलगा म्हणाला, "आई, ते उठून तिसऱ्यांदा जागा बदलतंय. सावली सरकते तसं तेही सरकतं."

मी तिथल्या पायरीवर बसलेच. नऊ वर्षे मी स्वतःला सांगत होते की बर्फीचे केस जास्त होते, ऊन जास्त होते, लग्न लांबले. खरे साधे होते. मोकळे कुत्रे आपली सावली आपण शोधते. बांधलेल्या कुत्र्याची सावली आपल्याला शोधावी लागते. आणि ती सकाळी आठला बघून भागत नाही, दुपारी दोनला कुठे असेल ते बघावे लागते.

मुलाला बर्फीची गोष्ट पुरती ठाऊक नव्हती. तेव्हा तो फार लहान होता. तिथेच सांगितली. त्याने मोबाइल काढला, निळ्या डोळ्यांचा तो फोटो काढून टाकला. मी काही बोलले नाही.

मलकापूरची हळद

राजूरचा घाट उतरून मोताळ्यावरून मलकापूरला आलो. ज्यांच्या लग्नाला गेलो होतो त्याच घरी मुक्काम. त्यांच्या लेकीला दोन दिवसांपूर्वी गल्लीतल्या पिलाने खेळताना दात लावला होता. पोटरीवर हळद-चुन्याचा लेप. "साधं ओरखडलंय, लहान पिलू आहे," असे सगळ्यांचे मत.

मैत्रिणींनो, इथे मात्र माहेर-सासर बघू नका, सरळ बोला. मी बोलले. पिसाळी एकदा अंगात उमटली की तिच्यावर औषध नाही, आणि ती उमटायला काही आठवड्यांपासून वर्षापर्यंत वेळ घेते. लहान पिलूही ती देऊ शकते. चावले, ओरखडले, किंवा जखमेवर चाटले की ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून पंधरा! हळद, चुना, तिखट, तेल काही लावायचे नाही. लगेच दवाखाना गाठायचा. सरकारी दवाखान्यात ही लस मिळते. पोटात चौदा सुया घ्यायचे दिवस कधीच गेले, आता दंडात चार-पाच, डॉक्टर सांगतील त्या तारखांना, एकही न चुकवता. जखम खोल असेल तर वेगळे सीरमही लागते. ६ जुलै १८८५ ला लुई पाश्चरने नऊ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा ही लस दिली आणि तो मुलगा वाचला. एवढ्या वर्षांनी आपण हळदीवर विसंबायचे म्हणजे काय!

त्याच संध्याकाळी मुलीला नेले. लेप धुतला, सुई झाली. उशीर करायला नको होता, पण उशीर झाला तरी लस घ्यायलाच हवी, डॉक्टर म्हणाले.

आमचा कागद

घरी आल्यावर पुढच्या रविवारी मी एक कागद घेतला. एका बाजूला तास लिहिले, दुसऱ्या बाजूला घरात कोण. सकाळी सात ते नऊ सगळे, पण सगळे घाईत. दहा ते पाच मी आणि सासूबाई. दुपारी दोनला ओसरीवर ऊन, सावली फक्त जिन्याखाली आणि न्हाणीघराच्या बाजूला. संध्याकाळी सहाला मुलगा मोकळा, तासभर. रविवारी सगळे. खर्चाची एक ओळ: लसी, जंताचे औषध, खाणे, दवाखाना. पिलू फुकट मिळाले तरी ही ओळ फुकट नसते.

तुम्हीही पिलू आणण्याआधी असा कागद करा, आणि घरच्या सगळ्यांना पुढे बसवून ही पाच उत्तरे मागा.

पहिले, घरात सगळ्यात जास्त वेळ असते तिला कुत्रे हवे आहे का? तिचे "चालेल" म्हणजे "हो" नव्हे.

दुसरे, दुपारी दोनला सावली आणि पाणी कुठे? घाटाखाली लांब केसांचे, चपट्या नाकाचे नको. हस्की आणि सेंट बर्नार्ड तर नकोच नको. खारपाणपट्ट्यातल्या बायांनी आणखी ध्यानात ठेवावे, जे पाणी आपण पीत नाही ते त्यालाही द्यायचे नाही.

तिसरे, रोज चालवणार कोण, आणि तो माणूस आजारी पडला तर कोण? लॅब्रॅडोर स्वभावाने गोड, लेकरांत रमणारा, पण अखंड भुकेला आणि केस गाळणारा. त्याला तासभर चालवले नाही तर तो पिंपासारखा होतो. लहानशा घराला पॉमेरेनियनसारखे छोटे कुत्रे बरे वाटते, पण ते भुंकते फार, रोज विंचरावे लागते, आणि ऊन त्याला सोसत नाही.

चौथे, स्वयंपाकघर सांभाळेल का? कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट हे कुत्र्याला विष. आपली फोडणीची आमटी त्याच्या भाकरीवर ओतायची नाही, त्याचे वरण फोडणीआधी काढून ठेवायचे. शिजलेली हाडे द्यायची नाहीत, ती फुटून आतड्यात रुततात. नुसत्या भाकरीवरही भागत नाही, अंडे, मांस किंवा शाकाहारी घरात काय द्यावे ते डॉक्टरांना विचारावे.

पाचवे, डॉक्टर किती लांब? तालुक्याच्या गावी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, आणि मोठ्या दुखण्याला आमच्या भागाला अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था जवळ आहे. पिलू आठ आठवड्यांचे झाल्याशिवाय आईपासून तोडू नये, आणि तीन महिन्यांचे झाले की पिसाळीची लस, मग दर वर्षी.

एखाद्या घरी पाचातली दोनच उत्तरे आली तर तिथे कुत्रे नसणेच चांगले. त्यात कमीपणा नाही. दारात पाण्याचे कुंडे ठेवणे हाही एक धर्मच आहे.

आमच्याकडे पाचही उत्तरे आली, पण ती कोणत्या जातीची ते चटकन कळेना. मग मला काकूंचे शब्द आठवले. ती आपली आहेतच. आमच्या आळीत एक मोहरीच्या रंगाची गावठी कुत्री होती, दीड-दोन वर्षांची, एकदा व्यालेली. ऊन तिला ठाऊक, आळीतली मांजरे तिला ठाऊक, आम्हीही ठाऊक. गावठीतही अवगुण असतात. तिला अनोळखी माणूस खपत नाही, आणि स्कूटरमागे धावायची खोड होती. दीड महिना मुलाने संध्याकाळचा तास तिच्यावर घालवला, तेव्हा ती खोड बरीच गेली. दवाखान्यात नेऊन लसी झाल्या, पिले होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रियाही झाली.

अडचण होती ती सासूबाईंची. बर्फीच्या वेळी त्यांनीच सगळ्यात जास्त रडून घेतले होते, म्हणून या वेळी "कुत्रं घरात नको" हे त्यांचेच. मी वाद घातला नाही. चौथ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "सूनबाई, दत्ताच्या पायाशी चार असतात, आपल्या जिन्याखाली एक राहिलं तर काय बिघडेल? पण साखळी नको हं बाई. साखळी मला बघवत नाही."

साखळी नाही. मागच्या ओसरीला जाळीचे दार लावले, म्हणजे ती आत मोकळी फिरते. मातीची दोन कुंडी आहेत, एक जिन्याखाली आणि एक न्हाणीघराशी. दुपारी दोनला सासूबाई वामकुक्षीतून उठून दोन्हींत पाणी आहे ना ते बघतात, मग पुन्हा आडव्या होतात. मुलाने तिचे नाव मोहरी ठेवले आहे. ती सावलीबरोबर सरकते.